फायनल फँटसी १६: हात शिकला तरच गेम उघडतो

या मालिकेत इतकी चांगली मारामारी याआधी झालेली नाही, आणि इतकं पातळ रोल-प्लेइंग, म्हणजे पात्रं घडवत खेळणंही नाही. दोन्ही विधानं एकदमच खरी आहेत. म्हणून '१६ कसा आहे?' या प्रश्नाला 'भारी' किंवा 'फालतू' असं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही काय शोधताय त्यावर सगळं आहे. टीम जमवणं, प्रत्येकाची शस्त्रं निवडणं, आगीला बर्फाने मारणं यासाठी जुने भाग आवडत असतील, तर इथे हाताला फारसं काही लागणार नाही. पण पंचवीस-तीस तास बोटांना एखादी लढाईची पद्धत शिकवायची तयारी असेल, तर हा गेम त्याची पुरेपूर परतफेड करतो.

तारखा आधी सांगून टाकू. पहिला भाग डिसेंबर १९८७ मध्ये जपानात निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रावर आला. सोळावा २२ जून २०२३ ला पीएस ५ वर, १७ सप्टेंबर २०२४ ला पीसीवर आणि ८ जून २०२५ ला एक्सबॉक्सवर आला. निर्माता नाओकी योशिदा, दिग्दर्शक हिरोशी ताकाई. मारामारीची बाजू र्‍योता सुझुकी यांनी सांभाळली. ते आधी कॅपकॉम कंपनीत 'डेव्हिल मे क्राय ५' या मारामारीच्या गेमवर होते, आणि हे पहिल्या तासाभरातच कळतं.

तुम्ही एकट्या क्लाइव्ह रॉसफिल्डला चालवता. सोबतीला कुत्रा टॉर्गल. बाकीचे साथीदार येतात-जातात, पण त्यांना हुकूम देता येत नाही. पीएसच्या कंट्रोलरवर स्क्वेअर म्हणजे तलवार, ट्रँगल म्हणजे लांबून जादू, आर१ म्हणजे चुकवणं. आर२ धरून स्क्वेअर किंवा ट्रँगल दाबला की त्या वेळच्या आयकॉनची खास चाल निघते, आणि एल२ ने आयकॉन बदलतो. आयकॉन म्हणजे इफ्रिट, फिनिक्स, गरुडा अशा महाशक्ती. एका वेळी तीन आयकॉन, प्रत्येकाच्या दोन चाली, म्हणजे हाताशी एकूण सहा चाली. ऐकायला सोपं वाटतं आणि पहिले पाच-सहा तास सोपंच असतं. तिथेच बरेच जण फसतात. स्क्वेअर दाबत राहिलं तरी लढाया जिंकता येतात, त्यामुळे 'यात काहीच नाही' असा समज होतो आणि गेम अर्ध्यात सुटतो.

खरा गेम 'मॅजिक बर्स्ट'पासून सुरू होतो. स्क्वेअरचा वार लागला की लगोलग ट्रँगल दाबायचा. त्या वारावर जादूचा एक जोड बसतो. चार वारांच्या साखळीत स्क्वेअर-ट्रँगल, स्क्वेअर-ट्रँगल असं चारही वेळा जमलं पाहिजे. ट्रँगल घाईत दाबला तर जोड बसत नाही, उशिरा दाबला तर नुसता जादूचा गोळा सुटतो आणि साखळी तुटते. भजनात टाळ धरणाऱ्याने ठेका मनात मोजावा तसं हे आहे. बोटांना ठेका सापडेपर्यंत डोळ्यांचा काही उपयोग नाही. मुक्कामाच्या ठिकाणी 'अरेटे स्टोन' नावाचा दगड आहे, त्यात सरावाची जागा मिळते. तिथे रोज दहा मिनिटं फक्त एवढंच करा. चौथ्या-पाचव्या दिवशी साध्या सैनिकांच्या लढाईतही मजा यायला लागते.

दुसरी कळीची गोष्ट म्हणजे स्टॅगर. मोठ्या शत्रूच्या प्राणाच्या पट्टीखाली एक पिवळी पट्टी असते. ती अर्धी झाली की शत्रू क्षणभर डगमगतो. तेवढ्यात गरुडाचा आयकॉन लावून सर्कल दाबला की क्लाइव्ह त्याला पंजाने ओढून खाली आपटतो. पट्टी पूर्ण रिकामी झाली की शत्रू लोळण घेतो, आणि तेवढा वेळ तुमच्या प्रत्येक वाराचा गुणाकार चढत जातो, दीडपटीपर्यंत. नवशिक्यांची नेहमीची चूक ही की सगळ्या जबरदस्त चाली ते आधीच उडवून बसतात. शत्रू लोळतो तेव्हा सहाही चाली पुन्हा वापरायला तयार झालेल्या नसतात, आणि ते सोन्यासारखे सेकंद साध्या तलवारीत जातात. चाली दोन गटांत वाटून घ्या. पिवळी पट्टी खाणाऱ्या, म्हणजे गरुडाची 'गाउज' किंवा शिवाची 'डायमंड डस्ट', आधी वापरायच्या. नुसतं नुकसान करणाऱ्या, म्हणजे रामूहची 'जजमेंट बोल्ट' आणि बहामुतची 'गिगाफ्लेअर', शत्रू पडेपर्यंत राखून ठेवायच्या. पडला रे पडला की आधी 'लायटनिंग रॉड'चा गोळा त्याच्या अंगावर ठेवा आणि मग बाकीचं ओता. एवढा क्रम पाळला तर ज्या बॉसला, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूला, दहा मिनिटं लागत होती तो निम्म्या वेळात आडवा होतो.

चाली विकत घेताना कंजुषी करू नका. पॉइंट कधीही परत मिळतात, पूर्णच्या पूर्ण, फुकट. कोणत्याही चालीवर खर्च करा, दोन लढाया खेळा, नाही पटली तर काढून घ्या. चालीवर पूर्ण प्रभुत्व मिळवलं की ती दुसऱ्या कुठल्याही आयकॉनखाली लावता येते. मांडणीची खरी गंमत तिथूनच सुरू होते, पण ती अवस्था उशिरा येते.

सोपेपणाबद्दलही नीट समजून घ्या, कारण हा भाग गेम धड समजावत नाही. सुरुवातीला 'स्टोरी' आणि 'अॅक्शन' असे दोन पर्याय मिळतात. दोन्हींत शत्रू तेच. फरक अंगठ्यांचा आहे. 'टायमली' नावाच्या पाच अंगठ्या आहेत. एक मार लागायच्या आधी वेळ मंद करते, एक आपोआप चुकवते, एक एकाच बटणावर सगळे वार काढते, एक टॉर्गलला स्वतःच लढवते, एक आपोआप औषध पाजते. दागिन्यांच्या जागा तीनच, म्हणजे प्रत्येक अंगठी एक जागा खाते. नवीन खेळणाऱ्याने फक्त वेळ मंद करणारी 'फोकस' घालावी. त्यात आर१ तुम्हालाच दाबावा लागतो, त्यामुळे हात शिकतो. आपोआप वार काढणारी अंगठी घातली तर पडद्यावर आतषबाजी होईल, पण हात कोराच राहील. ज्यांच्या बोटांना त्रास आहे किंवा ज्यांना फक्त कथा पाहायची आहे, त्यांच्यासाठी मात्र या अंगठ्या फार चांगली सोय आहेत. कुणी त्यांना हिणवू नये.

आता त्या लढायांविषयी, ज्यांच्यासाठी लोक हा गेम घेतात. काही ठिकाणी क्लाइव्ह स्वतः इफ्रिट होतो आणि समोर दुसरी महाशक्ती उभी ठाकते. आधी गरुडा, मग टायटन, मग बहामुत, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठी. टायटनच्या वेळी समोर शत्रू आहे की डोंगर, हेच आधी कळत नाही. त्याच्या अंगावरून धावत वर जायचं, दगडी हात कोसळताना चुकवायचं, आणि मागे मासायोशी सोकेन यांचं संगीत टप्प्याटप्प्याने चढत जातं. मालिकेच्या इतिहासात एवढ्या आकाराचं काही झालेलं नाही. मेलात तरी लढाईच्या मधल्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात मिळते आणि औषधंही भरून मिळतात, त्यामुळे चिडचिड होत नाही. तक्रार एकच: इफ्रिटच्या चाली मोजक्या आहेत, म्हणून दुसऱ्या खेपेला या लढाया पाहण्याच्या जास्त आणि खेळण्याच्या कमी वाटतात.

नावांबद्दल थोडं, कारण आपल्याकडे पहिला प्रश्न हाच येतो. इथली 'शिवा' ही बर्फाची स्त्री आहे आणि 'गरुडा' वाऱ्याची. आपल्या महादेवाशी किंवा विष्णूच्या वाहनाशी त्यांचा नावापलीकडे संबंध नाही. ही नावं १६ ने आणलेली नाहीत. शिवा, इफ्रिट, रामूह, टायटन, ओडिन, लेव्हायथन, बहामुत ही सगळी मंडळी १९९० च्या तिसऱ्या भागापासून आहेत. सिद नावाचा माणूस दुसऱ्या भागापासून जवळपास दरवेळी भेटतो, तसा इथेही आहे, आणि सगळ्या गेममधलं सगळ्यात जिवंत पात्र तोच आहे. त्याला आवाज दिलाय राल्फ इनेसन यांनी, उत्तर इंग्लंडच्या ठसक्यात. अमळनेरचा माणूस प्रमाण मराठी बोलला तरी अहिराणीचा हेल लपत नाही, तसंच. इंग्रजी सिनेमे विनासायास समजणाऱ्यांनाही हे बोलणं पहिल्या झटक्यात कळत नाही. सबटायटल चालू ठेवा, अक्षरांचा आकार वाढवा, आणि प्रसंग चालू असताना नावं डोक्यावरून जायला लागली की टचपॅड दाबून धरा. 'अॅक्टिव्ह टाइम लोर' उघडतं: त्या क्षणी पडद्यावर कोण आहे, कुठलं राज्य, आधी काय झालं, हे चार ओळींत. एवढी उपयोगी सोय कथेच्या गेममध्ये दुसरीकडे क्वचित दिसते.

कथेचा पाया भक्कम आहे. व्हॅलिस्थिया या गेममधल्या मुलखात काही माणसं स्फटिकाशिवाय जादू करू शकतात. त्यांना 'बेअरर' म्हणतात, लहानपणीच गालावर डाग देतात आणि जन्मभर गुलाम म्हणून राबवतात. जास्त जादू केली की त्यांचं अंग दगड होत जातं, आणि दगड झालं की फेकून देतात. ज्या मुलखात १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं गेलं आणि तो डाग कागदावरून पुसायला १९५२ उजाडलं, त्या मुलखातल्या वाचकाला हा डाग समजावून सांगावा लागत नाही. मालक माणसं बेअररविषयी एखाद्या वस्तूसारखं सहज बोलून जातात, तेव्हा पोटात खड्डा पडतो. पहिला अर्धा गेम हा प्रश्न धरून चालतो. नंतर मात्र कथा एका देवासारख्या शत्रूकडे वळते. गुलामी, राज्यांचं राजकारण, पाण्यासारखा वाटून खाल्लेला स्फटिक हे सगळं मागे पडतं. हा गेमचा सगळ्यात मोठा दोष. ज्या जखमेवर बोट ठेवलं ती धुवायची सोडून लेखक आकाशाकडे बघत बसले, आणि ते मनाला लागतं.

बाजूच्या मोहिमांनी मात्र उलटा प्रवास केलाय. सुरुवातीच्या मोहिमा रटाळ आहेत: तीन ठिकाणी जेवण पोचव, मातीच्या पिशव्या आण. शेवटाकडच्या मोहिमांत तोच बेअररचा प्रश्न माणसांच्या तोंडून परत येतो आणि लिखाण एकदम उंचावतं. म्हणून सल्ला असा: पहिल्या वीस तासांत नकाशावर ज्यांच्या चिन्हावर अधिकचं चिन्ह आहे तेवढ्याच मोहिमा करा. त्यांतून कायमचा फायदा होतो. 'द व्हाइट-विंग्ड वंडर' चुकवू नका; त्यात बसायला चोकोबो नावाचा मोठा पक्षी मिळतो आणि मोकळ्या मैदानातली पायपीट वाचते. बाकीच्या सोडून मुख्य कथा रेटा. शेवटच्या मोहिमेआधी नकाशा हिरव्या खुणांनी भरतो. त्या सगळ्या करा, एकही सोडू नका.

सामानाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तलवार, पट्टा, मनगटी: नवीन आली की आकडा मोठा, जुनी विका. आगीच्या शत्रूला आग मारली तरी नुकसान तेवढंच. विष, झोप, मुकेपणा असले परिणाम नाहीत. मारलेल्या प्राण्यांचे दात आणि कातडी शेकड्यांनी जमतात, पण ब्लॅकथॉर्न लोहाराला लागतात चार-दोन. खजिन्याच्या पेटीत बहुतेक वेळा थोडी नाणी नाहीतर तेच दात. पेट्या शोधत भटकणाऱ्या खेळाडूचा हा सरळ अपमान आहे. त्याऐवजी शिकारीच्या फळ्यावरचे मोठे प्राणी मारा, कामाचं सामान तिथून येतं. आणि त्यातल्या दोन-चार लढाया मुख्य कथेतल्या बॉसपेक्षा सरस आहेत.

मुख्य कथेला पस्तीस-चाळीस तास, सगळं केलं तर सत्तरच्या आसपास. दोन जोड भाग वेगळे विकत मिळतात. 'द रायझिंग टाइड' घ्या: लेव्हायथनच्या चाली, नवा प्रदेश, आणि सगळ्या गेममधली सगळ्यात अवघड महाशक्तीची लढाई. 'एकोज ऑफ द फॉलन' छोटा आहे, शेवटच्या बॉससाठी ठीक. पुन्हा खेळताना 'फायनल फँटसी' नावाची कठीण पातळी उघडते. शत्रूंची जागा आणि मेळ बदलतो, लेव्हल शंभरपर्यंत जाते. हात तयार असेल तर खरी परीक्षा तिथेच.

आता पीसीवाल्यांसाठी, कारण आपल्याकडे जास्त प्रश्न तिथलेच असतात.

गेम १७० जीबी जागा मागतो आणि एसएसडीच मागतो. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ दिसते. विंडोज आणि अपडेट पन्नासेक जीबी खातात. उरलेल्यात हा एकटा गेम जेमतेम बसतो आणि डिस्क ठासून भरल्यामुळे सगळंच मंदावतं. गेम हार्ड डिस्कवर टाकून भागवायला जाऊ नका, प्रसंग बदलताना अडकत राहील. जळगावच्या गोलाणी मार्केटला किंवा धुळ्या-भुसावळला जिथे नेहमीचा दुकानदार असेल तिथून ५१२ जीबी किंवा १ टीबीची वेगळी एनव्हीएमई, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी घ्या, आणि त्याआधी मदरबोर्डवर एम.२ ची जागा आहे का हे बघा. डाउनलोडचा हिशोब सोपा: ४० एमबीपीएसच्या लाइनवर दर १०० जीबीला साडेपाच तास. मध्येच लाईट गेली तरी स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान डाउनलोड पुढून सुरू करतं, तेव्हा रात्री लावून झोपा. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर हे काम होणारं नाही.

किमान ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०७० सांगितलंय, पण ते ७२० पी वर सेकंदाला ३० फ्रेमसाठी. १०८० पी वर ६० हवे असतील तर आरटीएक्स २०८० किंवा आरएक्स ६७०० एक्सटीच्या बरोबरीचं कार्ड लागतं, आणि रॅम १६ जीबी. पहिल्यांदा सुरू करताना शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होतात. काही मिनिटं जातात. ते पुरे होऊ द्या, आणि कार्डचा ड्रायव्हर बदलला की पुन्हा होईल हे धरून चाला. ८ जीबीच्या कार्डवर टेक्स्चर मध्यम ठेवा, नाहीतर गावात शिरताना झटके बसतात. डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र काढून मोठं करणाऱ्या सोयी) 'क्वालिटी'वर. मधल्या फ्रेम कृत्रिमपणे बनवणारं फ्रेम जनरेशन मोहात पाडतं, पण मूळ फ्रेम साठच्या खाली असतील तर बटण आणि वार यांत अंतर पडतं आणि आर१ ची अचूक वेळ हुकते. या गेममध्ये ते परवडत नाही. कथेचे प्रसंग ३० फ्रेमवरच चालतात. तुमच्या मशीनचा दोष समजून सेटिंग उलटीपालटी करू नका.

आणि ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. पंखे कार्डाला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. पंचवीस अंशांच्या खोलीत कार्ड ६५ वर राहत असेल, तर बेचाळीसच्या खोलीत ते सहज ८२ च्या पुढे जातं. मग कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि नेमका बॉसच्या ऐन रंगात गेम रखडतो. फ्रेमला ६० ची मर्यादा घाला, लॅपटॉपवर ४०. तेवढ्यानेच कार्डाचा ताण बराच उतरतो. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट सोडू नका. ती हवा थंड असते पण ओली असते, आणि ओल व काळ्या मातीची धूळ एकत्र आली की पंख्यांच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत लगदा बसतो. कूलर खोली गार करू दे, कॅबिनेट झोताच्या बाजूला असू दे, खिडकी उघडी असू दे. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ते फिरू देऊ नका.

विजेचंही बघा. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसला साधारण ३६० वॅट झेपतात. मोठं कार्ड भर लढाईत त्याहून जास्त ओढू शकतं, आणि लाईट जाताच यूपीएस चीं करून बंद पडतो. १००० व्हीएचा घ्या. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगल्या पॉवर सप्लायशी त्याचं जमत नाही, मशीन रीस्टार्ट होतं. प्युअर साइन वेव्ह लागतो. गेम स्वतः सेव्ह करतो, पण मोठा प्रसंग येणार असं वाटलं की मेनूतून हाताने सेव्ह करा. लाईट गेली तर पंधरा मिनिटांचा प्रसंग पुन्हा पाहावा लागत नाही.

पीएस ५ वाल्यांना हे कष्ट नाहीत. फक्त फ्रेम रेट मोड निवडा, मोशन ब्लर शून्यावर आणा. लढाईत चित्र थोडं मऊ दिसतं, पण वार हाताला बरोबर लागतो. जुनी डिस्क घेत असाल तर ती कुठल्या देशाची हे विचारून घ्या. जोड भाग डिस्कच्याच प्रदेशाच्या खात्यावरून घ्यावे लागतात, नाहीतर पैसे जातात आणि भाग उघडत नाही.

पैसे टाकायच्या आधी डेमो उतरवा. फुकट आहे, सुरुवातीचा दीड-दोन तासांचा भाग आहे आणि त्यातलं सेव्ह पुढे पूर्ण गेममध्ये चालतं. डेमोची कथा संपली की 'आयकॉनिक चॅलेंज' उघडतं, त्यात पुढच्या काही चाली हातात मिळतात. खरी चाचणी तीच. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, कूलर नेहमीसारखा चालू ठेवून, अर्धा तास ते खेळा आणि कोपऱ्यात कार्डाचं तापमान दिसेल असं ठेवा. ८५ च्या आत राहिलं आणि मॅजिक बर्स्टचे चार जोड लागायला लागले, तर घ्या.